दडे

चाकं आता टेकणार, असं वाटत असतानाच विमानानं नाक वर केलं आणि ते पुन्हा आभाळात निघालं. खिडकीतून त्याला अगदी जवळ आलेलं गवत दिसलं होतं, गवतात रोवलेले पिवळे दिवे, गंजलेलं कुंपण, कुंपणापलीकडं सायकल धरून वर बघत उभा राहिलेला एक माणूस. आणि पुढच्याच क्षणी ते सगळं पायाखालून ओढून घेतल्यासारखं खाली गेलं. मागच्या रांगेत कुणीतरी किंचाळलं, वरच्या कप्प्यात एखादी बॅग दाणकन आपटली, आणि शेजारच्या सीटवरचे जाडे गृहस्थ, जे मघापासून आपण या विमानानं नेहमी येतो-जातो असं सांगत होते, त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. धरल्याचं त्यांना कळलंही नव्हतं. त्याला कळलं, आणि नवल वाटलं ते एवढ्याचंच, की मनगट आपलं आहे, कुणीतरी ते आवळतंय, आणि आपल्याला भीती वाटत नाहीय. भीती जिथं वाटायला हवी ती जागा त्यानं आतल्या आत चाचपून पाहिली. दाढ काढण्याआधी हिरडीत सुई देतात, मग गाल बधिर होतो, आणि जीभ लावून बघावं तर ती दुसऱ्याच कुणाच्या गालाला लावल्यासारखी लागते. तसं होतं ते.

"काही नाही हो, होतं असं," गृहस्थ म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं आणि कपाळ पुसलं. "पुढचं विमान रेंगाळलं असणार धावपट्टीवर. एक चक्कर मारतील आणि परत उतरवतील. तुम्ही घाबरला नाहीत?"

"नाही."

"पहिल्यांदाच बसताय म्हणालात ना?"

"हो."

"कमाल आहे तुमची." त्यांनी खिशातून एक गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. "ही चघळा. सर्दी झालेली दिसतेय तुम्हाला. कानात दडे बसतील नाहीतर."

त्यानं गोळी शर्टाच्या खिशात टाकली. नंतर खातो, असं म्हणायचं त्याच्या मनात आलं, पण तोवर विमान एका अंगावर कललं आणि खिडकीत शहर आडवं येऊन पसरलं. पहिल्यांदा खाली येताना त्यानं ते नीट पाहिलंच नव्हतं. पट्टा बांधा, खुर्ची सरळ करा, या सूचना पाळण्यातच तो गुंतला होता. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शहर कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं याचा पत्ता लागत नव्हता. करड्या, तांबूस, पांढऱ्या छपरांच्या रांगा, त्यांच्यामधल्या बारीक खाचांतून सरकणाऱ्या गाड्या, मध्येच एखादा जुन्या कापडाच्या ठिगळासारखा हिरवा तुकडा, ओल्या प्लॅस्टरच्या रंगाची संथ वळणावळणाची नदी. तो दातांच्या कारखान्यात कामाला होता. शहरातले दंतवैद्य माणसांच्या जबड्यांची मापं पाठवायचे, त्यांत प्लॅस्टर ओतून तो साचे काढायचा आणि त्या साच्यांवर मेण चढवून, एकेक दात बसवून कवळ्या तयार करायचा. उभा जन्म त्यात गेल्यामुळं कुठलीही रांग दिसली की त्याचा डोळा आधी त्यातली फट शोधायचा. ही इमारत कलली आहे. इथं एक पडली आहे, तिथं अजून काही भरलेलं नाही. या दोघींमध्ये वारा जायलाही जागा नाही, इथं घाण अडकणार. एक मोठं क्रीडांगण खालून गेलं, बरोबर खालच्या जबड्याच्या आकाराचं. त्यात मुंगीएवढी माणसं पळत होती, आणि ती कशामागं पळताहेत ते दिसत नव्हतं.

यातल्या कुठल्यातरी एका छपराखाली त्याची बायको होती. लेकीचा घोटा मोडला म्हणून ती उन्हाळ्यात इकडं आली होती. जावई कामासाठी सदा फिरतीवर, तेव्हा पोरीला पाणी द्यायलाही घरात कुणी नाही, म्हणून एका पिशवीनिशी गेली. पोरीचं प्लॅस्टर निघालं, कुबड्या गेल्या, ती पुन्हा गाडी चालवायला लागली, तरी बायको फोनवर म्हणत राहिली, अजून जरा राहते. तो म्हणत राहिला, बघू. मग फोन लेकच करायला लागली, आणि परवा म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा येऊनच जा, समोरासमोर बोलू. त्यानं याचा साधा अर्थ घेतला. बायकोला एकटीला विमानाचा प्रवास नको वाटत असेल. तेव्हा येतानाचं एक आणि परतीची दोन अशी तिकिटं काढून तो निघाला. निघताना त्यानं घराकडं पाहिलं तेव्हा ते ती असताना होतं तसंच होतं, आणि ही गोष्ट त्याला बरी वाटली होती. आता, इतक्या उंचावरून, त्यानं तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. तिचा वरचा डावीकडचा दुसरा दात त्याला आठवला, कारण तो त्यानंच केला होता. त्याचा रंग, कडेची किंचित निळसर झाक, शेजारच्या सुळ्याशी जुळावी म्हणून मुद्दाम ठेवलेला बारीकसा तिरपेपणा. दाताभोवती ओठ आले, ओठ हलू लागले. पण डोळे येईनात. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा दात, पुन्हा ओठ, आणि वर नुसता उजेड. खाली कुठल्याशा गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या आणि एक बाई, बाईच असावी, त्यांच्या रांगांमधून चालली होती. ती ही नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी गच्ची मागं पडेपर्यंत तो मान वळवून बघत राहिला.

घरी ते दोघं भांडत नसत. शेजारच्या जोडप्यांची भांडणं भिंतीतून ऐकू यायची, तेव्हा त्याला आपल्या घराचा अभिमान वाटायचा. दिवसभर कानाशी घासायच्या यंत्राची घरघर, समोर फळ्यांवर मांडलेले उघडे जबडे, नाकात कवळीच्या हिरड्यांसाठी लागणाऱ्या गुलाबी रसायनाचा गोडसर जळका वास. संध्याकाळी घरी आलं की त्याला बोललेलं काही नकोसं व्हायचं. ती बोलायची. पाण्याचं, नळवाल्याचं, बहिणीच्या पाठदुखीचं, तिला पडलेल्या स्वप्नांचं. तिचा आवाज घरात पंख्यासारखा असायचा, चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. बोलताना मध्ये थांबायच्या जागा असतात, तिथं त्यानं हं म्हणायचं. जरा मोठी जागा आली तर बघू. आणि आवाज वर जाऊन खाली आला, म्हणजे काहीतरी पार पडलं असावं, तर बरं झालं. कुठं काय म्हणायचं ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ते म्हणायला त्याला ऐकावं लागत नसे. लेक लहान असताना त्याची नक्कल करायची, हं, बघू, बरं झालं, आणि ते तिघंही हसायचे. बायकोही हसायची. निदान तिचे दात दिसायचे.

विमानानं चक्कर पुरी केली आणि ते पुन्हा उतरू लागलं, आणि या वेळी कान गेले. आधी एक कळ आली, दोन्ही कानांत आत सळई सारत न्यावी तशी, आणि मग कळ थांबली आणि तिच्याबरोबर सगळंच थांबलं. इंजिनाचा आवाज कुठंतरी लांब, उशीखाली दाबून धरल्यासारखा झाला. शेजारच्या गृहस्थांचे ओठ हलत होते, त्यांनी स्वतःच्या कानाकडं बोट दाखवलं, नाक चिमटीत धरून गाल फुगवून दाखवले. त्यानं मान डोलावली. त्यानंही नाक धरलं, काही झालं नाही. खरं सांगायचं तर त्याला ते वाईट वाटलं नाही. खाली शहर जवळ येत होतं, आणि आता त्यातून आवाज येण्याची शक्यताच राहिली नव्हती. छपरांना पाण्याच्या टाक्या फुटल्या, टाक्यांना नळ. गाड्यांना रंग आले. एका शाळेच्या मैदानावर मुलं एकाच दिशेनं वळून वर बघत होती, त्यांची तोंडं उघडी होती. विमानाची सावली, जी मघा एखाद्या माशीएवढी होती, ती आता इमारतींवरून पसरत, मोडत, पुन्हा जुळत धावत होती. ती एका खिडकीवरून गेली, आत कुणीतरी असेल तर त्याच्या टेबलावरचा उजेड क्षणभर गेला असेल आणि त्यानं मान वर केली असेल. एवढी माणसं, आणि प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं. हे मनात आल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पिवळे दिवे आले, कुंपण आलं. सायकलवाला निघून गेला होता. चाकं टेकली तेव्हा अंगाला हिसका बसला, पण आवाज आला नाही. लोक टाळ्या वाजवत होते, तळवे एकमेकांवर नुसतेच येऊन पडत होते.

बाहेर लेक उभी होती. पायावर नीट भार देऊन, दोन्ही हात वर करून. तिनं त्याला मिठी मारली, पिशवी काढून घेतली, काहीतरी विचारलं. प्रवास कसा झाला, असंच असणार. "छान," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला डोक्याच्या आत, डबा वाजावा तसा ऐकू आला. कानात दडे बसलेत, ऐकू येत नाहीय, हे तेव्हाच सांगायचं. पण सांगितलं असतं तर तिनं काळजी केली असती, थांबवलं असतं, औषधाच्या दुकानात नेलं असतं, आणि त्याला तर फक्त गाडीत बसायचं होतं. तेव्हा तो बसला. ती गाडी चालवू लागली आणि बोलू लागली.

मघा वरून ज्या बारीक खाचा दिसल्या होत्या त्यांच्यातल्या एकीच्या तळाशी ते आता होते. दोन्ही बाजूंना भिंती वर वर गेल्या होत्या आणि आभाळ पट्टीएवढं झालं होतं. तो लेकीच्या तोंडाकडं बघत होता. तिचे दात तिच्या आईवर गेले होते, वरच्या ओठाला जरा पुढं ढकलणारे. बाबा हा शब्द दिसतो. ओठ दोनदा मिटतात, दोनदा उघडतात. ती पुन्हा पुन्हा बाबा म्हणत होती. बाकीचं पकडता येत नव्हतं. आई हा शब्द ओठ न मिटताच होतो, तो तोंडावर दिसत नाही, ही गोष्ट इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याच्या कधी ध्यानात आली नव्हती. ती खूप वेळ बोलली. सुरुवातीला रस्त्याकडं बघून, मग सिग्नलला थांबल्यावर त्याच्याकडं वळून. बोलताना तिनं एकदा उजवा गुडघा थोपटला, पाय उचलून घोटा गोल फिरवून दाखवला, आणि पुढं आणखी काहीतरी म्हणून ती थांबली. चांगली मोठी जागा होती. तिचे डोळे त्याच्यावर खिळले होते. पायाचं सांगतेय, त्याला वाटलं. पाय पूर्ण ठीक झाला.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि तिला धीर यावा म्हणून हसला.

लेकीचं तोंड उघडंच राहिलं. मग तिचे डोळे भरून आले, तिनं त्याचा हात उचलून आपल्या गालाला लावला, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत असाव्यात, कारण तिनं आरशात पाहून घाईनं गाडी पुढं काढली. एवढ्याशा पायासाठी रडतेय, त्याच्या मनात आलं. तिला खूप दुखलं असेल. आपण तेव्हा यायला हवं होतं का, असाही एक विचार येऊन गेला.

लेकीचं घर बऱ्याच वरच्या मजल्यावर होतं. बायको घरात नव्हती. लेकीनं घड्याळाकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं. बाहेर गेली असेल, येईल. त्याला तिनं मागच्या लहान खोलीत नेलं, पिशवी ठेवली, दार लोटून घेतलं. खोलीत एक अरुंद पलंग होता, टेबल, टेबलावर वाकड्या मानेचा दिवा. भिंतीच्या खुंटीवर बायकोचा करडा स्वेटर त्यानं लगेच ओळखला. पण पलंगाखाली सपाट टाचेचे काळे बूट होते, नवे, पॉलिश केलेले, आणि ते त्याला ओळखू येईनात. खिडकीत एक रोप होतं. उशीची खोळ तिनं घरी घालायची तशी, शिवण भिंतीकडं करून घातली होती. परगावी काही दिवस काढायला आलेल्या माणसाची ती खोली नव्हती. हे त्याला दिसलं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही. तो तोंड धुवायला न्हाणीघरात गेला.

तोंडावर पाणी मारताना त्याला जांभई आली. प्रवासाची, मोठी, जबडा कानाशी करकरेपर्यंत. आणि आत फट् झालं, आधी डावीकडं, मग उजवीकडं, आणि सगळं एकदम घुसलं. पाणी. बेसिनमध्ये पडणारं पाणी इतका आवाज करतं! लिफ्टचं दार, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, कुठंतरी कुत्रं, आणि भिंतीपलीकडं लेकीचा आवाज. ती फोनवर होती.

"नाही गं, अजिबात चिडले नाहीत. सगळं सांगितलं. हो, नोकरीचं पण. आई आता इथंच राहणार, परत येणार नाही, असंच सांगितलं, तुझ्याच शब्दांत... अगं, 'बरं झालं' म्हणाले! हसून म्हणाले, आई! मला रडूच आलं गाडीत. तू उगाच इतके दिवस घाबरत होतीस... हो, हो, ये तू. घाई नको करूस."

नळ वाहत होता. त्यानं तो बंद केला. मग लेकीला वाटेल आपण ऐकलं, म्हणून पुन्हा सुरू केला. आरशात त्याचं तोंड ओलं होतं आणि त्यावर काहीही नव्हतं, नुकत्याच साच्यातून काढलेल्या प्लॅस्टरवर काही नसतं तसं. परत येणार नाही. त्यानं ते तीन शब्द एकेक करून उचलून पाहिले. अर्थ कळत होता. आता आत काहीतरी कोसळेल म्हणून तो बेसिनची कड धरून उभा राहिला, आणि बराच वेळ काही कोसळलं नाही. फक्त पाणी वाहायचा आवाज येत राहिला आणि तो ऐकत राहिला.

संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली. स्वतःची किल्ली होती तिला. बायको आत आली, दारातच बूट काढले, आणि त्याला सोफ्यावर बसलेलं पाहून जरा थबकली. तिचे केस कापलेले होते, कानाच्या खालपर्यंत. दिवसभर आठवत नव्हता तो चेहरा असा समोर आल्यावर तो नुसता बघत राहिला.

"आलात?"

"हो. केस कापलेस."

"केव्हाच." तिनं मानेवरून हात फिरवला. "विमानाचं काय झालं म्हणे? उशीर झाला?"

"उतरता उतरता परत वर गेलं."

"अगंबाई!"

ती समोरच्या खुर्चीत बसली, अगदी पुढं सरकून, गुडघे जुळवून. लेक स्वयंपाकघरात भांड्यांचा जरा जास्तच आवाज करत होती.

"तुम्ही बरं झालं म्हणालात," बायको म्हणाली. "मला खरंच वाटेना. मी बसमध्ये उभी होते फोन आला तेव्हा, आणि माझे पायच गेले हो. एका पोरीनं उठून जागा दिली. किती दिवस मी मनाशी घोकतेय, कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. आणि तुम्ही इतक्या सहज..." तिनं डोळ्यांच्या कडा टिपल्या. "मी तुम्हाला ओळखलंच नाही म्हणायचं."

गप्प बसणं सोपं होतं. यापेक्षा सोपं काहीच नव्हतं. नुसतं हं म्हटलं असतं तरी चाललं असतं; लेक जेवायला वाढेल, बायको मोकळेपणानं बोलेल, उद्या तो एकटा विमानात बसेल, आणि या घरात त्याच्याबद्दल नेहमी चांगलंच बोललं जाईल. हं त्याच्या घशापर्यंत आलं होतं.

"मी ऐकलंच नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"गाडीत. कानात दडे बसले होते माझ्या. ती काय बोलतेय ते काही... मला वाटलं पायाचं सांगतेय. पाय बरा झाला म्हणून."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. बायको त्याच्याकडं टक लावून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड आधी गेला, आणि मग, त्याला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट, तिला हसू फुटलं. ती हसतच सुटली, खुर्चीच्या पाठीला टेकून, हात पोटावर धरून, आणि तिच्या हसण्यात काहीही कुचकं नव्हतं.

"म्हणजे नेहमीचंच की!" ती म्हणाली. डोळे पुसले. "आता येतंय ऐकू?"

"येतंय."

"नक्की?"

"हो."

"मग ऐका." ती पुन्हा पुढं सरकली. हसणं संपलं होतं. "मी परत येणार नाहीय. भांडण नाही. रागही नाही. राग होता, पण तो तिथंच ओट्याशी उभ्या उभ्या कधीतरी संपला. तुम्ही वाईट आहात असं मी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण तसं काही नाहीच. पण मी बोलायचे ना, तर माझा आवाज जाऊन कुठं पडायचा तेच मला कळायचं नाही. पुढं पुढं तर मी आहे की नाही, तेही कळेनासं झालं. एकदा मी मुद्दाम म्हणाले, तुम्ही बूट घालत होतात, मी म्हणाले, आज मी गच्चीवरून उडी मारणार आहे. आठवतंय तुम्हाला?"

"नाही."

"तुम्ही म्हणालात, बघू."

त्याला खरोखरच आठवत नव्हतं. आठवायला हवं म्हणून त्यानं बूट आठवले, नाडी आठवली, दाराशी वाकलेलं आपलं स्वतःचं अंग आठवलं, आणि वर कुठंतरी एक आवाज, पंख्यासारखा.

"मारणार नव्हते हो," ती म्हणाली. जणू त्याचीच समजूत घालत होती. "घाबरू नका. मी मग बसून मटार सोलले. पण त्या दिवशी मला कळलं." ती थांबली. ही मोठी जागा होती, आणि त्यानं ती तशीच राहू दिली. "इथं मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. काय करते माहीत आहे?"

"नाही."

"नावं पुकारते. लोक बाहेर बसलेले असतात, डोळ्यांत थेंब घातलेले, डोळे मिटून. त्यांना काही दिसत नसतं. मी नाव घेते आणि माणूस उठून उभं राहतं. पहिल्या दिवशी मी दचकलेच. एवढा मोठा धिप्पाड माणूस, माझ्या एका हाकेसरशी उठला." तिनं हाताची घडी घातली आणि सोडली. "तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल."

त्याला हसण्यासारखं वाटलं नाही. काय वाटलं ते सांगता आलं नसतं. वाटण्याच्या जागी अजून तीच जाड, परकी कातडी होती. त्याच्या तोंडात बरं झालं आलं होतं, ते त्यानं गिळलं. मग दुसरं काय म्हणतात ते शोधत तो बराच वेळ बसला.

"थेंब घातल्यावर," तो शेवटी म्हणाला, "किती वेळ दिसत नाही त्यांना?"

बायकोनं भुवया वर केल्या. आपण विचारलं हे त्यालाही जरा उशिराच कळलं. "माणसामाणसावर असतं," ती सावकाश म्हणाली. "जवळचं दिसत नाही आधी. लांबचं दिसतं, पण उजेड सोसत नाही. काहींना तर संध्याकाळपर्यंत... पोरांना जास्त वेळ लागतो." आणि मग ती सांगतच राहिली. थेंब घालणारी नर्स, चिडकी पण हाताला हलकी. एक म्हातारे गृहस्थ, जे आपलं नाव दोनदा ऐकायला मिळावं म्हणून पहिल्या हाकेला मुद्दाम उठत नाहीत. तो ऐकत होता. ऐकताना दमायला होतं, हेही त्याला तेव्हाच कळलं. डोळे ताणून बारीक दात बसवताना मान भरून यावी तसं. लेक दारात येऊन उभी राहिली होती आणि जेवण गार होत होतं.

"परतीची दोन तिकिटं काढली होती मी," तो मध्येच म्हणाला.

"सांगितलं हिनं. एक रद्द होतं म्हणे."

"हो. होत असेल."

सकाळी तो उठला तेव्हा बायको कामावर गेली होती. काळे बूट पलंगाखाली नव्हते. विमान दुपारचं होतं. गाडीत बसल्यावर तो लेकीला म्हणाला, "आधी त्या दवाखान्यात सोड."

"डोळे दाखवायचेत?"

"नाही."

तिनं गाडी दवाखान्याकडं वळवली. ती बाहेर गाडीतच थांबली. दवाखान्याच्या मोठ्या दालनात पडदे ओढलेले होते आणि भिंतीला लागून खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्यांत माणसं डोळे मिटून बसली होती, कुणी गाल पुसत, कुणी हनुवटी छातीला टेकून. पार पलीकडं टेबलाशी त्याची बायको उभी होती. तिनं त्याला पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल आणि कामात असेल. तो शेवटच्या रांगेत एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसला. त्यालाही सगळ्यांसारखे डोळे मिटून घ्यावेसे वाटले, तेव्हा त्यानं मिटले.

मग तिनं एक नाव घेतलं. हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण दालनाच्या टोकापर्यंत न सांडता येत होता, आणि आला की थांबत होता, जो कुणी होता तो उठेपर्यंत. एक खुर्ची करकरली. पावलं गेली. "इकडून या, पायरी आहे, जपून," ती म्हणाली. दार उघडलं, मिटलं. पुन्हा एक नाव. पुन्हा खुर्ची. तो एकेक नाव ऐकत होता, आणि ज्याचं नाव तो माणूस उठला की नाही, इकडं त्याचं लक्ष लागलं होतं. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. एक नाव आलं, बाईचं, आणि त्यामागून काहीच आलं नाही. खुर्ची वाजली नाही. आवाज थांबून राहिला. मग तेच नाव पुन्हा आलं, तसंच, जराही न चिडता, आणि पुन्हा शांतता.

त्यानं डोळे उघडले. बायको टेबलाशी उभी राहून रांगांवरून बघत होती. शेजारची म्हातारी मान टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, कवळी किंचित सुटलेली, गाढ झोपली होती.

त्यानं तिच्या कोपराला हात लावला.

"आजी," तो म्हणाला. "उठा. तुम्हाला बोलावताहेत."

"आं?" म्हातारी दचकून चाचपडली. तिला काही दिसत नव्हतं. "कोण? कोण बोलावतंय?"

"आमची ही," तो म्हणाला, आणि तिला उठायला हात दिला.